खरी वाटेल पण जीव कासावीस करणार नाही अशी कादंबरी हवी आहे (सासूबाईंना वाचून दाखवायची आहे)

वाचनवहिनी, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं ‘चांगली कादंबरी सुचवा’ म्हटलं की पुरस्कार मिळालेल्यांची यादी येते आणि त्या यादीत कुणी ना कुणी विहिरीत पडलेलंच असतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. ऐंशी कधीच ओलांडली. डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर मान वाकडी करून बघतात. अक्षर तर लागतच नाही. म्हणून दुपारची भांडी आवरली की मी सोप्यात बसते आणि मोठ्यानं वाचते. मंगळवार पेठेतलं रस्त्याला लागून असलेलं घर आहे, भाजीची गाडी आली की वाचन थांबतं, आत्ती भाव विचारतात, मग पुढं.

आत्तींच्या अटी अशा. लहान मूल मरायला नको. कुणी जीव द्यायला नको. बाईला मारहाण, जबरदस्ती नको. नवऱ्याचं आजारपण नको. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन अजून वर्ष व्हायचंय. जनावर मरायला नको आणि पूर तर नकोच नको. त्यांचं माहेर शिरोळ तालुक्यात. २०१९ च्या महापुरात भावाच्या गोठ्यात पाणी शिरलं, दावी सोडायलाही वेळ मिळाला नाही. त्या म्हशींची नावं आत्तींना अजून पाठ आहेत.

आता कुणी म्हणेल, मग गोडगोड काहीतरी घ्या. घेतलं होतं. त्यात सगळी माणसं चांगली, घर मोठं, भांडण झालं तरी चहाच्या कपाबरोबर मिटणारं, आणि शेवटी अमेरिकेतला मुलगा परत आला. आत्ती म्हणाल्या, “कुणाच्या घरात असतंय गं असं? मिटव ते.” त्यांनी बदल्या बघितल्यात, गळक्या वर्गात पोरं भिंतीकडंला सरकवून शिकवलंय, पगार उशिरा झाल्यावर दुकानदाराची नजर चुकवलीय. त्यांना खोटं लगेच कळतं. पैशाची ओढ असू दे, भावकीची कुरबुर असू दे, म्हातारपण असू दे. पण शेवटी माणूस सुरुवातीपेक्षा बोटभर तरी पुढं गेलेला हवा.

मोठ्यानं वाचण्यातली एक अडचण सांगते. आपण एकटे वाचताना नको तिथं डोळा पुढं उडी मारतो. मोठ्यानं वाचताना तसं करता येत नाही. मी एखादा परिच्छेद गाळला की आत्ती विचारतात, “काय वगळलंस?” जन्मभर पोरांच्या चोऱ्या पकडलेली बाई. त्यामुळं आत काय आहे ते मला आधी ठाऊक हवं. शेवट बिनधास्त सांगा. उलट सांगाच.

‘बनगरवाडी’ झालंय. ते त्यांचं लाडकं. त्यांची पहिली नेमणूक एकशिक्षकी शाळेत होती, त्यामुळं तो पोरसवदा मास्तर म्हणजे त्यांना स्वतःचाच सहकारी वाटतो. वाडीनं मिळून तालीम बांधली की त्या मला थांबवतात. “पुढं पाऊस न्हाई, वाडी उठती. ठाऊक आहे मला. ऱ्हाऊ दे.” ‘पाडस’ एकानं सुचवलं होतं, मी रात्री पुढचं वाचून बघितलं. ते हरणाचं पिल्लू शेवटी त्या पोराच्याच हातून मरतं हे कळल्यावर पुस्तक दुसऱ्या दिवशी परत. ‘कोसला’ आत्तींनी नोकरीत असतानाच वाचलेलं. मनीचं मरण त्यांना आजही नको आहे.

सुचवा बघू.

कागलचा भाचा

वहिनी, ‘झोंबी’ घ्या. आनंद यादव म्हणजे आपल्या कागलचे. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पोरगं शेतातनं शाळेत जायला धडपडतंय आणि शेवटी शिकतंय. मास्तरीणबाईंना ह्याच्यापेक्षा आशेचं काय पायजे? बोली पण आपलीच, वाचताना जीभ अडकणार न्हाई.

निवृत्त ग्रंथपाल

भाच्या, पुस्तक थोरच आहे, पण वहिनींच्या अटी परत वाच. ‘झोंबी’त बापाचा मार पानापानांवर आहे, घरातल्या बाईच्या वाट्यालाही तेच, आणि गरिबी अशी की वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. पोरगं शिकतं हे खरं, पण तिथवर पोचेपर्यंत ऐकणारीचं काय? आशा कुठं आहे एवढंच बघून भागत नाही, ती किती पानांनंतर येते आणि मधल्या पानांत काय आहे तेही बघावं लागतं.

वहिनी, मी नोकरीभर पुस्तकं दिली-घेतली. एक गोष्ट लवकर लक्षात आली. पुस्तकाच्या मलपृष्ठावर सगळं असतं, लेखकाचं गाव, पुरस्कार, समीक्षकाचं वाक्य, पण आत कोण मरतं ते नसतं. ते कळायचं देवघेवीच्या टेबलावर. पुस्तक परत करायला आलेल्या बायका रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईला सांगायच्या, “नेऊ नकोस, शेवटी ती जाते.” मी ते ऐकून वहीत पेन्सिलीनं खूण करायला लागलो. पुढं कुणी दवाखान्यातल्या माणसासाठी पुस्तक मागायला आलं की ती वही उपयोगी पडायची.

तुमच्यासाठी पहिलं नाव प्रकाश नारायण संत यांचं, म्हणजे लंपन. ‘वनवास’ (१९९४) पासून सुरू करा. रूढ अर्थानं कादंबरी नव्हे, एकाच मुलाच्या एकापुढे एक कथा आहेत, पण दुपारच्या वाचनाला तेच सोयीचं, एका बैठकीत एक कथा होते. आईवडील गावी, हा आजीआजोबांकडं सीमाभागातल्या गावात शिकायला. आईची आठवण आहे, एकटेपण आहे, ते खोटं गोड केलेलं नाही. पण घरात मायेची माणसं आहेत आणि सुमी ही मैत्रीण आहे. लेखक कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. भाषा बेळगावच्या वळणाची, कोल्हापूरच्या कानाला परकी वाटणार नाही. पुढं ‘शारदा संगीत’, मग ‘पंखा’. चौथं ‘झुंबर’ मात्र आत्तींना वाचू नका. त्यात लंपनचे वडील जातात. सगळ्या मालिकेत मला सगळ्यात जास्त तेच आवडतं, पण घरात वर्ष व्हायचंय म्हणता, तर ते आत्ता नको.

गो. नी. दांडेकरांचं ‘माचीवरला बुधा’ही मनात आलं होतं. मुंबई सोडून राजमाचीवर जाऊन राहिलेला म्हातारा, झाडं, जनावरं, वारा. पण शेवट बुधाच्या मृत्यूनं होतो, म्हणून तेही पुढच्या वर्षी.

डावीकडून दुसरा

मी शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करतोय. चर्चा वाचून थोडा अस्वस्थ झालो. दुःख वजा करून वास्तव कसं उरेल? ‘झाडाझडती’तली धरणग्रस्त माणसं, ‘बारोमास’मधलं शेतकऱ्याचं घर, ‘रिंगाण’मधलं विस्थापन हे आपल्याच भोवतीचं आहे. विश्वास पाटील आणि कृष्णात खोत तर आपल्याच जिल्ह्यातले. वाचकानं अटी घालायच्या आणि साहित्यानं त्या पाळायच्या, म्हणजे साहित्य कशाला, शामियान्याचं बुकिंग झालं. राग मानू नका.

वाचनवहिनी

राग नाही. पण उत्तर देते.

ती पुस्तकं लिहिली जायलाच हवी होती. ज्यांच्या घरातलं कुणीच आधी लिहिलं नव्हतं त्यांनी पहिल्यांदा लेखणी धरली तर ते काय बागेतल्या फुलांवर लिहिणार? मी स्वतः ‘झाडाझडती’ वाचलंय आणि नंतर काळम्मावाडीचं पाणी नळाला आलं की ते आठवतं. माझं भांडण त्या पुस्तकांशी नाहीच.

भांडण ह्याच्याशी आहे की आपण ‘वास्तव’ म्हटलं की फक्त तेवढंच मोजतो. आत्तींच्या शाळेतली एक मुलगी चौथीनंतर घरी बसणार होती. आत्ती तिच्या वडिलांकडं जात राहिल्या. रागावल्या नाहीत, भाषण केलं नाही, जाऊन नुसता चहा पिऊन यायच्या. ती मुलगी पुढं परिचारिका झाली आणि अजून दिवाळीला फराळ घेऊन येते. हे घडलेलं आहे. ह्यात कुणी मेलं नाही म्हणून हे कमी खरं झालं का? वाडीनं तालीम बांधली तेही वास्तवच होतं, नुसता दुष्काळ नव्हे.

आणि दादा, ज्या बाईनं म्हशींच्या दाव्यांची गोष्ट फोनवर ऐकलीय तिला विस्थापन समजावून सांगायला कादंबरी लागत नाही. तुम्ही वाचा. तुमच्या वयाला ते हवंच. आत्तींचा वाचून झालाय तो धडा.

शामियान्याचं मात्र आवडलं. आत्तींना वाचून दाखवलं, हसल्या. म्हणाल्या, “पोरगं हुशार आहे, त्याला म्हणावं परीक्षेत असं लिहू नको.”

राजारामपुरी आठवी गल्ली

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) का नको? नववीतली पोरं, आणीबाणीचे दिवस, पहिलं प्रेम. कुणी मरत नाही. शेवट हुरहूर लावणारा, ती मुलगी गाव सोडून जाते, एवढंच. आत्ती शिक्षिका, त्यांना वर्गातल्या मागच्या बाकावर काय चालतं ते एकदाचं कळेल.

फक्त एक धोका आहे. पोरांच्या तोंडची भाषा पोरांसारखीच आहे. मी आईला मोठ्यानं वाचायला गेले आणि दुसऱ्याच पानाला खोकल्याचं निमित्त केलं. सासूबाईंसमोर तुम्ही काय कराल ते मला बघायचंय.

बाकी कुणी ‘तोत्तोचान’ सुचवलं तर सांभाळून. रेल्वेच्या डब्यातली ती शाळा मला फार प्रिय आहे, पण त्यात वर्गातला एक मित्र जातो आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. लहान मुलांचं पुस्तक समजून आपण निवांत असतो आणि तिथंच फसतो.

सांगलीची सून

हिंदी चालेल का? विनोद कुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’. १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार. छोट्या गावातल्या कॉलेजात गणित शिकवणारा तरुण, नवं लग्न, एका खोलीचं बिऱ्हाड. पैसे कमी, पण नवराबायको एकमेकांशी इतकं अदबीनं वागतात की वाचताना आपोआप आवाज खाली येतो. कॉलेजला जायला त्याला एका साधूचा हत्ती मिळतो. कुणी कुणाला छळत नाही. सासूसासरे येतात तेही चांगले. आमच्याकडं माझ्या नणंदेनं आणि मी मिळून वाचलं.

एकच, खोलीतल्या खिडकीतून पलीकडं उडी मारली की तिथं तळं, पायवाट, चहा देणारी म्हातारी असं वेगळंच जग आहे. ते खरं मानायचं की स्वप्न, हे आत्तींवर सोडा.

इंग्रजी वाचून लगेच मराठीत सांगता येत असेल तर आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ही चालेल. त्यांचंच ‘द इंग्लिश टीचर’ मात्र नको. शिक्षकाची गोष्ट म्हणून हात जातो, पण त्यात तरुण बायको टायफॉइडनं जाते.

निवृत्त ग्रंथपाल

वरती एक नाव राहूनच गेलं. गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’. मूळ गुजराती, १९३० च्या दशकातलं, मराठी अनुवाद मिळतो. पुस्तक लहानसं आहे, आठवड्यात होईल. एक माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडं जाऊन म्हणतो, मला चौथीचा वर्ग वर्षभर द्या, मला वेगळ्या पद्धतीनं शिकवून बघायचंय. पहिल्याच दिवशी त्याची सपशेल फजिती होते. मग गोष्टी, खेळ, नाटक, वर्गातलं छोटं वाचनालय असं करत करत वर्ष संपतं. बाकीचे शिक्षक नाकं मुरडतात, पालक विचारतात अभ्यास कधी घेणार. मरण नाही, मारामारी नाही, शेजारच्या वर्गातल्या छडीचा उल्लेख तेवढा येतो. गिजुभाईंनी भावनगरला दक्षिणामूर्तीत स्वतः मुलांना शिकवलं होतं, त्यामुळं कल्पनेतलं असलं तरी हाताला शाई लागलेल्या माणसाचं लिखाण आहे.

दुसरं, ‘गारंबीचा बापू’, श्री. ना. पेंडसे, १९५२. गावानं ओवाळून टाकलेला उनाड पोर त्याच गावात स्वतःच्या जोरावर उभा राहतो आणि गावानं नाव ठेवलेल्या राधेशी उघडपणे संसार मांडतो. माणसं कडू बोलतात, बापाला गाव हसतं, तेवढी तयारी ठेवा. पण शेवट ताठ मानेचा आहे.

दोन्ही विकत घ्यायची गरज नाही. करवीर नगर वाचन मंदिर आहे की आपलं, १८५० पासूनचं. तिथं काउंटरवर विचारा आणि परत करणाऱ्या बायकांचंही ऐका.

वाचनवहिनी

सगळ्यांना एकदम सांगते, मध्ये श्राद्ध-पाहुण्यांत लिहायला झालं नाही.

‘वनवास’ सुरू केलं. पहिल्या दुपारी आत्ती काही बोलल्या नाहीत. मला वाटलं नाही जमलं. संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना मलाच विचारतात, “त्या पोराला आई भेटती का गं मध्ये कधी?” म्हणजे जमलं. आता एका दुपारी एकच कथा असा नेम आहे. मी दुसरी सुरू करायला लागले की हात धरतात. त्यांच्या माहेरच्या गावात कानडी बोलणारी घरं होती, त्यामुळं काही शब्दांना त्या माझ्या आधीच हसतात आणि मी उच्चार चुकवला की सुधारतात.

‘दिवास्वप्न’ची गंमत वेगळीच झाली. मला वाटलं होतं खूश होतील. त्या पानापानाला लेखकाशी भांडायला लागल्या. “ह्याला एकच वर्ग. माझ्याकडं चार वर्ग एका खोलीत.” “ह्याला बदलीची भीती न्हवती.” “ह्याच्या घरी स्वैपाक कोण करत होतं ते लिहिलंय का बघ.” मी म्हटलं बंद करू का? तर म्हणाल्या, “बंद कशाला? खरं बोलतोय तो, अर्धंच बोलतोय एवढंच.” पहिल्या दिवशी पोरं ऐकेनाशी होतात तो भाग तीनदा वाचून घेतला. मग स्वतःच्या पहिल्या दिवसाचं सांगायला लागल्या, ते मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. शाळेचं कुलूप गंजलेलं, किल्ली पाटलाकडं, पाटील जोतिबाला गेलेला. पोरांना झाडाखाली बसवून त्यांनी दिवसभर पाढे घेतले. त्या दुपारी पुस्तक चार पानंच पुढं सरकलं.

खिडकीवाली हिंदी कादंबरी थोडी वाचली. नवराबायको आवडले. हत्ती आवडला. खिडकीपाशी मात्र अडलं. “खिडकीतनं उडी मारून तळं? पाय मोडंल की.” मी समजावलं की ते मनातलं असेल. म्हणाल्या, “मग तसं लिवावं.” ते सध्या बाजूला आहे. मी एकटीनं रात्री संपवलं आणि मला ते फार भावलं. सांगलीच्या ताईंना माझ्याकडून धन्यवाद, आत्तींकडून नाहीत.

‘शाळा’चं विचारलं. भाषा तशी आहे हेही सांगितलं. त्यांनी सांगितलंय की शिव्या चालतील, वर्गात रोज ऐकल्यात. पण मी वाचणार नाही. माझी जीभ रेटत नाही. त्यासाठी कॉलेजातल्या पुतण्याला बसवावं म्हणते, त्याचंही वाचन होईल.

‘बापू’ आणलंय. एक शंका, त्यातलं कोकणातलं बोलणं आमच्या देशावरच्या जिभेला कसं वाचायचं? मी वाचते ते माझं मलाच नाटकातल्यासारखं वाटतंय.

निवृत्त ग्रंथपाल

तिथल्यासारखा सूर काढायला जाऊ नका, सरळ आपल्या आवाजात वाचा, अर्थ पोचतो. पहिली काही पानं आदल्या रात्री मनात वाचून ठेवा म्हणजे नावं अडखळणार नाहीत, विठोबा, अण्णा खोत, रावजी असे बरेच जण भेटतात. आणि हो, ‘शारदा संगीत’ संपत आलं की आधी कळवा, ‘पंखा’ माझ्याकडं घरात आहे. गंगावेशीत राहतो, पुतण्याला पाठवून द्या.

कागलचा भाचा

मी ‘वनवास’ आणलं, वहिनी. माझ्या आईला वाचून दाखवतोय. आईला लिहायला वाचायला येत न्हाई. ती म्हणती ह्यातली आजी आपल्या थोरल्या मामीसारखी आहे. ‘झोंबी’ मी परत सुचवणार न्हाई, पण पुढच्या वर्षी एकदा विचारा आत्तींना.